फाटलेला आवाज आणि शुद्धतेचा दंडक

लाउडस्पीकर आला आणि लोकसंगीत बिघडले, असे एक वाक्य आपल्या समीक्षेत वर्षानुवर्षे चालत आले आहे. ते इतक्या वेळा लिहिले गेले आहे की तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. बिघडले म्हणजे नेमके काय झाले? कोणाचे बिघडले? आणि बिघडण्यापूर्वी ते ज्याच्या गळ्यात अडकवलेले होते, त्या माणसाची अवस्था काय होती? हे तीन प्रश्न विचारले की वाक्य लिहिणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून मी इथे दोन ध्वनिमुद्रणांविषयी लिहिणार आहे. एक बेल्जियमच्या राजधानीतले, जगभर गाजलेले. दुसरे आमच्या फैजपुरातले, एका विद्यार्थ्याने खिशातल्या मोबाइलवर केलेले. दोन्ही प्रत्यक्ष वादनाची आहेत आणि दोन्हींत विजेवर चढवलेले रस्त्यावरचे संगीत आहे. दोन्हींत आवाज फाटतो, आणि माझा सगळा मुद्दा या फाटण्यापाशी आहे.

पहिले ध्वनिमुद्रण ‘कोनोनो नंबर वन’ या काँगोतल्या वादकसंघाचे. माव्हांगू मिंगिएदी या वादकाने १९६६ च्या सुमारास किन्शासा शहरात तो उभा केला. मिंगिएदी बाझोंबो जमातीचा. या लोकांची वस्ती काँगो आणि अंगोला यांच्या सरहद्दीच्या दोन्ही अंगांना आहे. त्यांच्या परंपरेतले, अंगात यावे असे घुमणारे संगीत मिंगिएदीने ‘लिकेंबे’ या वाद्यावर उतरवले. लिकेंबे म्हणजे लाकडाच्या लहान पोकळ पेटीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या. पेटी दोन्ही हातांत धरायची आणि अंगठ्यांनी पट्ट्या छेडायच्या. गावच्या अंगणात हा नाद पुरतो. पण किन्शासासारख्या लाखोंच्या शहरात, मोटारींच्या आणि बाजाराच्या गदारोळात, तो दोन हातांपलीकडे जात नाही. मग मिंगिएदीने मोटारींच्या निकामी भागांतले लोहचुंबक काढले आणि त्यांच्यापासून हाताने मायक्रोफोन बनवले. आवाज बाहेर फेकायला कर्णे लावले, वसाहतीच्या अमलातून मागे राहिलेल्या कर्ण्यांच्या जातीचे. साथीला ढोल, आणि भांडी व गाड्यांचे सुटे भाग बडवून केलेला ताल.

या संघाचे ध्वनिमुद्रण १९७८ सालीच झाले होते. पण जगाचे लक्ष गेले ते ब्रुसेल्सच्या ‘क्रॅम्ड डिस्क्स’ कंपनीने २००४-०५ मध्ये ‘काँगोट्रॉनिक्स’ काढले तेव्हा. त्यानंतर २००७ साली त्याच कंपनीने ‘लाइव्ह अ‍ॅट कुलर कॅफे’ काढले. कुलर कॅफे हा ब्रुसेल्समधला संगीतमहोत्सव. ज्या देशाने काँगोला १९६० पर्यंत टाचेखाली ठेवले, त्याच देशाच्या राजधानीत काँगोचा माणूस कर्णे लावून वाजवतो आहे आणि समोरचा जमाव नाचतो आहे. हा प्रसंग माझ्यासारख्याला अर्थातच आवडतो. पण तेवढ्यावर खूश होऊन थांबणे म्हणजे समीक्षा नव्हे.

ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती पुनरावृत्तीची. एक लहानशी सुरावट फिरत राहते, तिच्यावर दुसरी चढते, मध्येच गाणारा हाक देतो आणि बाकीचे ओ देतात. आपल्याकडच्या बैठकीत बसून कान तयार झालेल्या माणसाला हे कंटाळवाणे वाटेल, कारण तो विस्ताराची वाट पाहत राहतो. वरातीत चाललेल्या माणसाला मात्र हे लगेच कळेल. चालणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला विस्तार नको असतो, त्याला टिकून राहणारा ठेका हवा असतो. दुसरी गोष्ट फाटण्याची. लोखंडी पट्टीचा नाद चुंबकातून आणि कर्ण्यातून बाहेर येतो तो गुळगुळीत येत नाही. त्याला कडा येतात. खर्जाच्या लिकेंब्याचा प्रत्येक ठोका खरखरत येतो. या संघाविषयी जे लिहिले गेले आहे त्यात एक महत्त्वाची नोंद आहे: ही फाटाफूट त्यांना मुळात नको होती. साधनेच तशी होती म्हणून ती आली. मग वादकांनी तिला हाकलून देण्याऐवजी वादनात जागा दिली.

ही नोंद मी मुद्दाम सांगतो, कारण युरोपातल्या कौतुकाने ती बाजूला सारली. तिथल्या रसिकांना या संगीतात त्यांच्याच नव्या इलेक्ट्रॉनिक संगीताची आणि बंडखोर रॉकची झाक दिसली. त्यातल्या बऱ्याच जणांना भंगाराचेच अधिक आकर्षण वाटले. भंगारातून संगीत! केवढी कल्पकता! कल्पकता होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही. पण मिंगिएदीने मोटारीतला चुंबक काढला तो भंगारावर प्रेम होते म्हणून नव्हे, तर दुकानातला मायक्रोफोन परवडण्याजोगा नव्हता म्हणून. दारिद्र्याला शोभेची वस्तू करणारे हे कौतुक आपल्या ओळखीचे आहे. झोपडीचे छायाचित्र काढून दिवाणखान्यात लावणारा रसिक आपल्याकडेही आहे. शुद्धतेचा आग्रह धरणारा आणि मळकटपणावर भाळणारा हे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण दोघेही वादकाच्या इच्छेची चौकशी करत नाहीत.

आता घरी येतो. आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण आपल्याकडे वाद्याला जात आहे. डफ, हलगी, डफडे, नाव गावागणिक बदलते. कातडे मेलेल्या जनावराचे, म्हणून ते कमावणारा अस्पृश्य, ते ताणून वाजवणारा अस्पृश्य. मात्र त्याचा नाद देवाच्या पालखीपुढे, पाटलाच्या वरातीपुढे आणि प्रेतापुढे हवाच. वाजवणाऱ्याला मोबदला म्हणून बलुते, शिळे अन्न आणि ‘हे तुझे कामच आहे’ हे वाक्य. ज्याला आपले अभ्यासक शुद्ध लोकसंगीत म्हणतात ते या करारावर उभे होते. त्या करारात हलगीवाल्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. शास्त्रीय संगीतात स्वर ‘शुद्ध’ असतो, व्याकरणात लेखन ‘शुद्ध’ असते आणि गावात माणूस ‘शुद्ध’ असतो. हा एकच शब्द या तिन्ही ठिकाणी पहारा देत बसला आहे, आणि लोकसंगीताच्या समीक्षेत तो कोणत्या दाराने आत आला हे कोणी विचारत नाही.

बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका असे बजावले. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. या सगळ्या काळात कित्येक वस्त्यांनी गावकीची कामे टाकली आणि त्यांबरोबर वाद्यही टाकले. तो नकार आवश्यक होता. त्याच्याविषयी हळहळणारे लेख मी वाचतो तेव्हा मला चीड येते, कारण त्या लेखकांची हळहळ नादासाठी असते, माणसासाठी नसते.

पण एक गोष्ट आपण आपापसातही बोलायला हवी. महारांनी, पुढे बौद्धांनी, जे खाली ठेवले ते बऱ्याच गावांत मातंगांच्या गळ्यात तसेच राहिले. आणि ज्यांनी सोडले त्यांच्यापैकी काहींनी न सोडणाऱ्यांकडे वरच्या पायरीवरून पाहिले. तमिळ मुलखात परै नावाच्या चर्मवाद्याबाबत हाच पेच पडला. इंग्रजीतला बहिष्कृतासाठीचा शब्द याच वाद्याच्या नावातून निघाला. तिथे काहींनी परै वाजवणे हा जातीचा डाग म्हणून सोडले, तर पुढे काहींनी तेच वाद्य मोर्च्याच्या अग्रभागी आणून ठेवले. दोघांनाही आपापले कारण होते. आपल्याकडे ही चर्चा कुजबुजीपलीकडे फारशी गेली नाही, आणि दरम्यान रस्त्यावर एक तिसरी गोष्ट घडली. ती म्हणजे वीज.

जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ साली तायशोगोतो नावाचे तंतुवाद्य बनवले. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवल्या होत्या. कळ दाबायची आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची, म्हणजे ज्याला कोणी गुरूने जवळ बसवले नाही त्यालाही सूर सापडतो. हे वाद्य हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले, आणि मुंबईच्या चाळींत व कोकणात त्याचे ‘बँजो’ झाले. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचा काही संबंध नाही. मग कोणीतरी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले, ते अ‍ॅम्प्लिफायरला जोडले आणि कर्णा लावला. गणपतीची मिरवणूक असो की जयंती, ताशा-ढोलाच्या जोडीने बँजो पार्टी हातगाडीवरून निघू लागली. पोलादी तार चुंबकापाशी थरथरते, वेटोळ्यात वीज उमटते, कर्णा बोलतो. मिंगिएदीच्या लोखंडी पट्टीचे तत्त्व हेच. किन्शासा आणि लालबाग यांनी एकमेकांना विचारून हे केलेले नाही. दोन्हीकडे गर्दी होती, गोंगाट होता आणि हातात थोडके पैसे होते.

मात्र कातड्याच्या वाद्याला असा चुंबक चालत नाही. त्याच्यासमोर माइक धरावा लागतो, आणि माइक कर्ण्याच्या तोंडापुढे आला की कर्णा किंचाळायला लागतो. चालत्या गाडीवर हे सांभाळणे कठीण. त्यात पाऊस आला की कातडे ढिले पडते, पुन्हा शेकावे लागते. ऑक्टोपॅडला यातले काहीच लागत नाही. हलगी मागे पडण्याची जी कारणे दिली जातात त्यांत अभिरुचीचा ऱ्हास हे कारण नेहमी पहिले असते. हे साधे तांत्रिक कारण कोणी नोंदवत नाही, कारण ते नोंदवायला गाडीवर चढून पाहावे लागते.

बँजोचा खरा फरक मात्र तांत्रिक नव्हे, व्यवहाराचा आहे. हलगीवाल्याला गाव बोलावणे पाठवीत असे. बँजोवाल्याला, बँडवाल्याला सुपारी द्यावी लागते, विसार द्यावा लागतो, आणि तारीख मोकळी नसेल तर तो नाही म्हणतो. आमच्याकडे ताशा वाजवणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाने हे मला एका वाक्यात सांगितले: “सर, पहिले बोलावनं यायचं, आता फोन येतो.” वतनाचा कायदा कागदावर १९५८ साली मोडला, पण वाजवणाऱ्याच्या बाबतीत तो करार रस्त्यावर मोडायला अ‍ॅम्प्लिफायर आणि जनरेटर यांचीही मदत झाली, असे माझे मत आहे. समीक्षक ज्याला बिघाड म्हणतात त्या बिघाडातच वाजवणाऱ्याला भाव ठरवण्याची सोय मिळाली. जात त्यामुळे गेली असे मी म्हणत नाही. वरातीत डोक्यावर दिव्याची झाडे घेऊन, एकाच वायरीने जनरेटरला बांधल्यासारखी चालणारी माणसे पाहिली की वीज आपोआप कोणाला मोकळे करत नाही हे दिसते. तीच वीज बँजोवाल्याच्या बोटाखाली असते आणि दिवेवाल्याच्या डोक्यावर.

फैजपूरच्या वाचकाला कर्ण्याचा इतिहास परका वाटू नये. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन इथे झाले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी सजावट केली, गांधींनी खादी आणि ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचे उद्घाटन केले. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रमही इथेच मंजूर झाला, त्याचे मोल मी कमी करत नाही. पण शुद्ध, साधे, हाताने घडवलेले खेडे या कल्पनेचा तो उत्सव होता, आणि त्या खेड्यात वेशीबाहेर राहणारा कारागीर कोणत्या कराराने राबतो हा प्रश्न बाबासाहेबांना त्याच वर्षी ‘जातिनिर्मूलना’च्या न झालेल्या भाषणात विचारावा लागला. त्याच दशकात मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ कंपनीचे कर्णे काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांना लागू लागले होते. पुढाऱ्याच्या तोंडापुढे कर्णा आला तेव्हा भाषण बिघडले असे कोणी लिहिले नाही. तोच कर्णा हलगीवाल्याच्या नातवाने वरातीत लावला तेव्हा संस्कृती धोक्यात आली.

आता दुसरे ध्वनिमुद्रण. जयंतीच्या मिरवणुकीत, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून गाडी चालली असताना, माझ्या एका विद्यार्थ्याने ते केले. जेमतेम एकोणीस मिनिटांचे आहे. पिकअप गाडीवर कॅशिओ, ऑक्टोपॅड आणि कर्णे, खाली चालत दोन ताशे. मोबाइल मोठ्या आवाजाला आपोआप दाबतो. त्यामुळे ताशाची काडी जोरात पडली की कॅशिओ बुडतो आणि ताशा थांबला की वर येतो. हा चढउतार वादकांनी केलेला नाही, यंत्राने केला आहे. तरीही त्याच्यामुळे दोन वादक एकमेकांशी भांडत असल्यासारखे ऐकू येते आणि ते वाईट लागत नाही. मध्ये केळीचा ट्रक वाट मागतो. रस्ता अरुंद होतो तिथे दोन्हीकडच्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि ठेका दुप्पट झाल्याचा भास होतो. चौकात गाडी बाहेर पडते आणि आवाज एकदम पातळ होतो. ध्वनिमुद्रण ऐकूनच गाव कुठे अरुंद आणि कुठे रुंद हे सांगता येते.

ब्रुसेल्सच्या ध्वनिमुद्रणात नेमके हेच नाही. तिथे मंच आहे, तिकीट काढून आलेला श्रोता आहे, प्रत्येक वाद्याची तार वेगळी जोडण्याची सोय आहे. प्रत्येक लिकेंबे स्पष्ट ऐकू येते आणि वादनाची बांधणी कळते. फैजपूरचे ऐकून कॅशिओवाल्याने कुठे चूक केली हेसुद्धा धड कळत नाही. पण किन्शासाचा रस्ता ब्रुसेल्सच्या मंचावर चढू शकला नाही. गर्दीची आरोळी आहे, ती श्रोत्यांची. मिरवणुकीत श्रोता नसतो. नाचणारा असतो, अडवणारा असतो, खिडकी लावून घेणारा असतो. कोणाच्या दारावरून वाजत जायचे आणि कोणाच्या दारापुढे वाद्य बंद करायचे, यावरून आपल्याकडे डोकी फुटली आहेत, नवरदेवांना घोड्यावरून खाली ओढले गेले आहे. त्यामुळे आपल्या रस्त्यावरच्या आवाजात जो ताण असतो तो मंचावरच्या आवाजात येणे शक्य नाही. फैजपूरच्या मुद्रणात अकराव्या मिनिटाला कॅशिओ थांबतो, तेव्हा दोन्ही ताशे नुसत्या काडीवर अर्धे मिनिट चालू राहतात. एका प्रार्थनास्थळापुढून जात असताना गाडीने आपणहून केलेला तो संयम आहे. ही जागा मला सगळ्या मुद्रणात सर्वांत सुंदर वाटते.

इथे डीजेविषयी बोलणे भाग आहे, कारण माझे म्हणणे ऐकून काही मित्र म्हणतील की मग डीजेच्या भिंतींचेही समर्थन करा. मी करणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तो नियम म्हाताऱ्याच्या आणि तान्ह्या पोराच्या बाजूचा आहे आणि म्हातारे व पोरे आपल्या वस्तीतही आहेत. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. लिकेंबे असो, बँजो असो, कॅशिओ असो, विजेच्या अलीकडे माणसाचा हात असतो. डीजेच्या गाडीवर तो हात उरत नाही. दुसऱ्याने, दुसऱ्या शहरात मुद्रित केलेले गाणे तिथे मोठे केले जाते. ‘सैराट’च्या ‘झिंगाट’ने २०१६ साली वरातीचा ठेका उचलून पडद्यावर नेला, आणि त्यानंतर वरातीत तेच मुद्रण वाजू लागले. ठेका ज्यांच्याकडून गेला ते ताशेवाले गाडीच्या मागे राहिले, पुढे पुढे बोलावलेही गेले नाहीत. जुन्या हलगीवाल्याकडून नकाराचा हक्क काढून घेतला होता, आजच्या ताशेवाल्याकडून कामच काढून घेतले जात आहे. आणि हे आपल्या जयंतीत, आपण जमवलेल्या वर्गणीतून होत आहे, हे या पानांवर लिहिले नाही तर कुठे लिहायचे?

शेवटी नावांचा प्रश्न. मिंगिएदीचे नाव त्याच्या संघाच्या प्रत्येक मुद्रणाशी जोडलेले आहे. तो २०१५ साली वारला आणि त्याचा मुलगा ऑगुस्तिन याने संघ पुढे चालवला, हे हजारो मैलांवर बसून मला कळू शकते. आपल्याकडे भीमगीतांच्या कॅसेटी निघाल्या, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांची नावे आणि छायाचित्रे त्यांवर आली, ते योग्यच झाले. पण ढोलकी कोणी वाजवली, बँजो कोणाचा, हे बहुतेक कॅसेटींच्या कागदावर शोधून सापडत नाही. आता तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. मिरवणुकीचे मुद्रण शंभर मोबाइलवर जाते ते ‘जयंती’ एवढ्याच नावाने.

विद्यार्थ्याला मी सांगितले की मुद्रणाबरोबर एक कागद ठेव: तारीख, रस्ता, गाडी, वाद्ये, वाजवणारे, सुपारी किती, जेवण कोणी दिले. दोन्ही ताशेवाल्यांची नावे त्याला त्याच आठवड्यात मिळाली. कॅशिओवाल्याने नावाबरोबर आपण वाद्य कुठे आणि कोणाकडे शिकलो तेही सांगितले. ऑक्टोपॅडवरचा मुलगा त्या दिवसापुरता बाहेरगावाहून आणला होता. विद्यार्थी पुढच्या सुट्टीत त्याच्या गावी जाणार आहे.